पाणी उतरलं की मासा जातो कुठं? गळाच्या मासेमारीवर वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात गळाने मासे धरण्याबद्दलची पत्रं बरीच होती. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. बहुतेकांनी ‘आमिष कोणतं लावू?’ एवढंच विचारलंय. उत्तरांत मात्र आधी पाण्याबद्दल बोलावं लागलं. मासाच नसलेल्या जागी आमिष बदलत बसण्यात सकाळ जाते.

उजनीच्या फुगवट्यावर दिवाळीत ज्या जागी तासाभरात पिशवीभर चिलापी मिळायची, तिथे एप्रिलमध्ये तरंगा हलतसुद्धा नाही. काठी तीच, गांडूळ तेच. मासे संपले की दुसरीकडे गेले?
– एक वाचक, माढा तालुका

दुसरीकडे गेले, आणि कुठं गेले ते धरणाच्या आकड्यांवरून बरंचसं काढता येतं. पेपरात रोज उजनीची जी टक्केवारी येते ती फक्त उपयुक्त साठ्याची असते. हा साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच्या खाली ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे, म्हणून तर उन्हाळ्यात आकडा ‘वजा’ दिसतो. पातळी ४९६.८३ मीटरला शंभर टक्के आणि ४९१.०३ मीटरला शून्य. उभं मोजलं तर पाणी ५.८ मीटरच उतरतं. पण फुगवट्याकडची, म्हणजे धरणाचं पाणी मागे पसरतं तिकडची, जमीन सपाट आहे. शंभर मीटरला एक मीटर उतार धरला तरी काठ ५८० मीटर आत सरकतो. दिवाळीत तुमच्या जागेवर छातीभर पाणी असेल, तर एप्रिलमध्ये तिथे गुडघाभर गरम पाणी उरतं किंवा कोरडी ढेकळं. मोठी चिलापी त्या पाण्यात दिवसा थांबत नाही.

तेव्हा जागा पातळीप्रमाणे बदला. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी चढत असतं. पुणे जिल्ह्यातल्या धरणांचा विसर्ग येतो तेव्हा पहिले काही दिवस पाणी चहासारखं असतं, त्यात बसू नका. पाण्यात धरलेला हात कोपरापर्यंत दिसू लागला की जा. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या, धरणाच्या पोटातल्या जमिनीवर गाळपेर होते, वेडी बाभूळ माजते. हे सगळं आता पाण्याखाली जातं, कुजू लागतं, त्यावर शेवाळ आणि किडे येतात आणि चिलापी चरायला थेट तिथे शिरते. या दिवसांत मासा कमरेएवढ्या पाण्यात, बांधाच्या कडेला असतो. लांब फेकणारे रिकामे परत येतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर पातळी बऱ्यापैकी ठरलेली असते. बुडालेल्या बाभळींची रांग, जुना गाडीरस्ता, दगडी ताल (शेताचा बांध), विहिरीचा काठ अशा ठिकाणी दीड ते तीन मीटर पाण्यात मासा मिळतो. बाभळीच्या आत गळ टाकला तर तंगूस (गळाचा नायलॉन दोर) तुटतो, म्हणून बाहेरच्या टोकापासून हातभर लांब टाका. मासा आमिषासाठी तेवढा बाहेर येतो.

जानेवारीनंतर कालव्याची आवर्तनं सुरू झाली की पाणी रोज थोडं थोडं उतरतं. उतरत्या पाण्यात मासा उथळ भागावर विश्वास ठेवत नाही, कडेला येऊन थांबतो. कड म्हणजे चार-पाच पावलांत पाणी कमरेवरून डोक्यावर जातं ती जागा. जुना ओढा भीमेच्या मूळ पात्राला मिळतो तिथे अशी कड हमखास सापडते. मे-जूनमध्ये आकडा वजा झाला की उरलेला मासा मूळ पात्रात, पुलाच्या खांबांजवळ, उघड्या पडलेल्या दगडी घाटांच्या पायथ्याशी गोळा होतो.

खोली मोजायला यंत्र लागत नाही. गळाला पंधरा-वीस ग्रॅमचं शिसं अडकवा आणि टाका. तरंगा बुडून दिसेनासा झाला तर तरंगा ते गळ हे अंतर खोलीपेक्षा कमी आहे, तरंगा वर सरकवा. तो आडवा पडला तर अंतर जास्त आहे, खाली घ्या. नुसतं टोक वर राहिलं की तीच खोली. तंगुसावर तिथे खूण करा. पाच-सहा जागी हे केलं की कड कुठून जाते ते कळतं. अर्ध्या तासाचं काम आहे. लोक कंटाळा करतात.

आणखी एक काम मेमध्येच करून ठेवा. उघड्या पडलेल्या चिखलात ताटाएवढे ते परातीएवढे गोल खड्डे ओळीने दिसतात. ते मादीने अंडी घालावीत म्हणून चिलापी नराने केलेले खड्डे. आसपासचे बुंधे, ताल, विहिरी यांच्यासह त्यांची मोबाइलवर जागा नोंदवा. पाणी परत त्यांच्यावर गुडघा-मांडीएवढं आलं की नर तिथे येण्याची शक्यता मोठी. फिरताना वाळलेल्या पापुद्र्यावर भरवसा ठेवू नका. वरून तडे गेलेला गाळ आत लोण्यासारखा असतो, माणूस मांडीपर्यंत जातो. काठी टोचत चाला आणि एकटे जाऊ नका.

तरंगा सारखा थरथरतो, ओढला की गळ रिकामा. दहातल्या आठ वेळा कणीक गेलेली असते. झटका लवकर देतोय की उशिरा?
– विजापूर रोड, सोलापूर

झटक्याच्या आधी गळ बघा. पत्रात तुम्ही ४ नंबरचा गळ लिहिलाय. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात बऱ्याचदा उलटं समजलं जातं. चिलापीचं तोंड अंगाच्या मानाने लहान. तिला ८ किंवा १० नंबर लावा. तंगूस ०.२० ते ०.२२ मिलिमीटर. तरंगा एक-दीड ग्रॅम शिसं पेलणारा, बारीक, उभा. बोराएवढा गोल प्लास्टिकचा तरंगा मासा ओढतो तेव्हा त्याला अडकल्याचं लगेच कळतं आणि तो आमिष थुंकतो. शिशाचा मोठा भाग तरंग्याच्या खाली जवळच दाबा आणि एक बारीक मणी गळाच्या वर वीतभर अंतरावर. पाण्यावर तरंग्याचं फक्त रंगीत टोक दिसायला हवं. अर्धा तरंगा वर असेल तर शिसं कमी पडतंय.

मग कणीक. ती मऊ असते म्हणून जाते. एक वाटी कणकेला दोन चमचे बेसन, पाणी अगदी बेतानं, पुरीच्या पिठापेक्षा घट्ट मळा. शेवटी कापसाचे बारीक तंतू पिंजून त्यात मिसळा, चिमूटभरच. हे तंतू गोळी गळावर धरून ठेवतात. हिंग, लसूण, बडीशेप घालणारे घालतात. घाला, पण घट्टपणाइतका फरक त्याने पडत नाही. गोळी वाटाण्याएवढी, गळाचं टोक किंचित उघडं. गांडूळ लावायचं तर अख्खं लावू नका. लोंबतं शेपूट मासा कुरतडतो आणि तुम्हाला वाटतं लागला. दोन सेंटिमीटरचा तुकडा गळावर चढवा.

आता झटका. चिलापी आमिष तोंडात ओढते, चाळते, नको असेल तर बाहेर टाकते. ती थरथर म्हणजे हे चाळणं किंवा बोटभर पिल्लांचं टोचणं. त्यावर ओढू नका. तरंगा आडवा सरकायला लागला, किंवा उलट वर उचलला जाऊन आडवा पडला, तर मनगटाने उचला. वर येणारा तरंगा नवख्यांना कळत नाही. माशाने तळाचं आमिष उचललं, त्याबरोबर खालच्या मण्याचं वजन गेलं, म्हणून तरंगा वर आला. ती पक्की खूण आहे.

पिल्लांनीच हैराण केलं असेल तर आमिष तळाला टेकवा. तरीही थांबत नसतील तर पाच-सहा मीटर पुढे, कडेच्या खोल बाजूला टाका. ओढ लावायला शेंगदाण्याची पेंड सोलापुरात सहज मिळते. अर्धा किलो पेंड रात्री भिजवा, सकाळी तेवढाच भाताचा कोंडा मिसळा, लाडू वळता येईल इतपत. बसताना दोन मुठी, पुढे दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक. सगळं एकदम टाकलं की मासा येतो, पोट भरतो, जातो.

सोडवताना ओल्या हाताने डोक्याकडून मागे हात फिरवा म्हणजे पाठीचे काटे दबतात. शेपटीकडून धरणाऱ्याचा तळहात फाटतो.

मार्चमध्ये मुलाकडे डॅलसला जात आहोत, जुलैपर्यंत मुक्काम. नातवाला क्रॅपी नावाच्या माशाचं वेड लागलंय. माझा हात उजनीच्या चिलापीवर बसलेला. तिथल्या धरणात काय वेगळं करावं लागेल? आणि हा मासा आपल्याकडे मिळतो का?
– निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

आपल्याकडे मिळत नाही. हा मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा, दोन जातींचा. पांढऱ्या क्रॅपीच्या अंगावर उभे पुसट पट्टे असतात, काळ्याच्या अंगावर ठिपक्यांचा शिडकावा. रंगावर विसंबू नका, कारण वीण सांभाळणारा पांढरा नरही काळवंडतो. पाठीच्या पराचे टणक काटे मोजा. पाच-सहा असले तर पांढरा, सात-आठ असले तर काळा. पांढरा गढूळ पाण्यात निभावतो, काळ्याला स्वच्छ आणि पाणवनस्पतींचं पाणी लागतं. सव्वा-दीड फुटाचा क्रॅपी म्हणजे मोठा मासा. पांढऱ्या क्रॅपीचा जागतिक विक्रम १९५७ मध्ये मिसिसिपीतल्या एनिड धरणावर झाला, वजन ५ पौंड ३ औंस, म्हणजे सुमारे २.३५ किलो.

उजनीची सवय दोन बाबतींत मोडावी लागेल. पहिली, चिलापी तळावरचं शेवाळ-गाळ चरते, तर क्रॅपी लहान मासे आणि किडे खातो आणि पाण्याच्या मधल्या थरात लोंबकळत राहतो. त्याचे डोळे असे बसलेले असतात की त्याला वरचं छान दिसतं. आमिष त्याच्या खाली गेलं की बहुधा वाया गेलं. मासे चार मीटरवर असतील तर आमिष साडेतीन मीटरवर ठेवा. दुसरी, पेंड टाकून बसून राहायचं नाही. क्रॅपी थव्याने, पण ठरावीक आडोशाला चिकटून असतो: बुडालेलं झाड, मुद्दाम बुडवलेल्या फांद्यांचे भारे, पुलाचे खांब, धक्क्याखालची सावली. एका आडोशाला पंधरा-वीस मिनिटं द्या. काही झालं नाही तर पुढचा आडोसा. एक लागला की तंगुसावर त्या खोलीची खूण करा, बाकीचे त्याच थरात असतात.

मार्चमध्ये पोहोचणार हे उत्तम, कारण उत्तर टेक्सासात वीण त्याच सुमारास असते. तारखेपेक्षा पाण्याचं तापमान बघा. साधा तापमापक दोरीला बांधून नेला तरी चालतो. पाणी १२-१५ अंश सेल्सिअस असेल तर मासे ओढ्यांच्या मुखाशी तीन ते पाच मीटरवर वाट बघत असतात. १६ ते २० अंशांच्या दरम्यान नर काठाकडे येऊन अर्ध्या ते दोन मीटर पाण्यात, लव्हाळ्याच्या किंवा बुंध्याच्या कडेला, जागा साफ करून राखण बसतो. अशा वेळी उत्तरेची थंड लाट आली की एका रात्रीत काठ रिकामा होतो. मासे फार लांब जात नाहीत, जवळच्या कडेला खोल सरकतात. तिथे तीन-चार मीटरवर शोधा. पाणी गढूळ असेल तर थोडं उथळ, नितळ असेल तर खोल.

मेच्या शेवटी-जूनमध्ये हा खेळ संपतो. मग मासा खोल आडोशाला, बऱ्याचदा पाच-सहा मीटरवर जातो. पण तळाशी नाही. उन्हाळ्यात धरणाचं पाणी दोन थरांत फाटतं, वर गरम, खाली थंड, आणि खालच्या थरात प्राणवायू जवळजवळ संपतो. दहा मीटर पाण्यात तळाला आमिष टेकवून बसणारा उपाशी राहतो. भर उन्हात पुलाच्या सावलीत, किंवा रात्री दिव्याखाली बसा. दिव्याभोवती किडे, किड्यांभोवती लहान मासे आणि त्यांच्या खाली क्रॅपी, असा क्रम लागतो.

साहित्य हलकं. दोन-तीन मीटरची लवचीक काठी, ४ ते ६ पौंड ओढ पेलणारा दोर. आमिष जिवंत मासोळी किंवा जिग, म्हणजे शिशाचं डोकं आणि मऊ प्लास्टिकचं शेपूट असलेला गळ. जिग १/१६ औंसाचा, सुमारे १.८ ग्रॅम. काठाच्या उथळ पाण्यात १/३२ औंसाचा, तो सावकाश बुडतो. दोराची गाठ जिगच्या कडीच्या वरच्या बाजूला सरकवून ठेवा, म्हणजे जिग पाण्यात आडवा, पोहणाऱ्या मासोळीसारखा लोंबतो. गाठ पुढे सरकली की तो नाक वर करून उभा राहतो. दर माशानंतर गाठ बघा. हात स्थिर ठेवा. नवखे जिग फार नाचवतात. पाण्याच्या हालचालीने तो जेवढा हलतो तेवढं पुष्कळ होतं.

मासोळी लावायची तर सरकता तरंगा घ्या. दोरावर आधी अडथळ्याची गाठ बांधा, मग मणी, मग तरंगा ओवा, खाली तरंगा उभा राहील एवढं शिसं, त्याखाली वीतभर अंतरावर गळ. अडथळ्याची गाठ जिथे, तेवढ्या खोलीवर आमिष थांबतं, आणि गाठ रिळात गुंडाळली जात असल्यामुळे पाच मीटर खोलीलाही छोट्या काठीने फेकता येतं. गळ २ किंवा ४ नंबरचा, मुद्दाम बारीक तारेचा. तो फांदीत अडकला तर हळू, सरळ ओढा, तार वाकून गळ सुटतो आणि दोर वाचतो. मग पक्कडीने पुन्हा वळवा. जाड तारेचा गळ घेतला तर दर अर्ध्या तासाला नवं सगळं बांधत बसाल. चार-पाच सेंटिमीटरची मासोळी दोन्ही ओठांतून किंवा पाठीच्या पराखाली, कण्याच्या वरून टोचा. कण्यात टोचली की ती मरते.

लागल्याची खूण तुम्हाला ओळखीची आहे. क्रॅपी खालून वर येऊन घेतो, म्हणून ताणलेला दोर एकदम सैल पडतो किंवा तरंगा आडवा होतो. इथे झटका देऊ नका, नुसती काठी उचला. या माशाच्या तोंडाची कातडी इतकी पातळ की जोरात ओढलं तर भोक मोठं होऊन गळ निसटतो. रिळाचा ब्रेक सैल ठेवा आणि मासा दोरावर उचलून घेण्याऐवजी हातजाळी त्याच्या खाली सरकवा. काठाशी येऊन सुटणारे मासे बहुतेक याच कारणाने सुटतात.

नियम तिथे काटेकोर पाळले जातात. १७ वर्षांखालच्या नातवाला परवाना लागत नाही, तुम्हाला लागेल. पर्यटकाला एक दिवसाचाही मिळतो. पण राज्याच्या उद्यानात, म्हणजे स्टेट पार्कमध्ये, काठावरून किंवा धक्क्यावरून धरायचं असेल तर टेक्सासात परवान्याची गरज नाही, फक्त उद्यानाचं प्रवेशशुल्क. डॅलसजवळ जो पूल तलावावरचं सीडर हिल हे असं उद्यान आहे. सुरुवात तिथून करा. राज्यभराचा सर्वसाधारण नियम असा: दोन्ही जाती मिळून माणशी दिवसाला २५ मासे आणि किमान लांबी १० इंच, म्हणजे २५.४ सेंटिमीटर. मोजपट्टी खिशात ठेवा. लेक फोर्कसारख्या एक-दोन तलावांवर १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर उलटा नियम असतो. लांबीची अट नाही, पण धरलेला प्रत्येक क्रॅपी ठेवायचाच. हिवाळ्यात मासे फार खोल असतात, तिथून ओढून वर आणलेला मासा सोडला तरी बऱ्याचदा जगत नाही, म्हणून लहान सोडून मोठे वेचायला बंदी. तलावावरून निघताना मासोळीच्या बादलीतलं पाणी तिथेच ओतून द्यायचं, हाही कायदा आहे. उपद्रवी शिंपल्यांची पिल्लं त्या पाण्यातून दुसऱ्या तलावात जातात.

क्रॅपी किंवा तसा एखादा परदेशी मासा शेततळ्यात सोडता येईल का? चिलापीपेक्षा भाव चांगला मिळेल.
– बार्शी

नाही. सरकारी परवानगीशिवाय परदेशी मासा आणणं बेकायदा आहे, आणि भावाचंही गणित जुळणार नाही. अमेरिकेतसुद्धा लहान तळ्यात क्रॅपी सोडू नका असं सांगतात, कारण तो बेसुमार वाढतो, खाणं पुरत नाही आणि सगळं तळं बोटभर-वीतभर खुरट्या माशांनी भरतं. साधी चिलापीही शेततळ्यात हेच करते. ती करायचीच तर परवानाधारक हॅचरीतून फक्त नरांचं बीज घ्या, नाहीतर कटला, रोहू, मृगळ बरे. आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्यावर देशात २००० पासून बंदी आहे. कुणी बीज देऊ केलं तर घेऊ नका. उजनीत गळाला किंवा जाळ्याला लागणारा खडबडीत कवचाचा सकर मासा काचेच्या टाक्यांतून सुटलेला आहे. तो लागला तर पाण्यात परत टाकू नका. कीव येऊन परत टाकणारे धरणाचं नुकसान करतात.

मे महिन्यात धरलेल्या चिलापीला मातीचा वास येतो. मसाला कितीही घातला तरी जात नाही.
– करमाळा

तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पाणी गरम आणि हिरवं झालं की निळ्या-हिरव्या शेवाळातून ते सुटतं, कल्ल्यांवाटे माशात शिरतं आणि चरबीत साठतं. मसाल्याने झाकत नाही, आंबटाने तुटतं. आधी पोटातला काळा पापुद्रा बोटाने खरवडून पूर्ण काढा, पोटाची पातळ पट्टी कापून टाका, कातडी सोला, मधली लालसर रेघ काढा. चरबी याच भागांत असते. मग लिंबू-मीठ किंवा आंबट ताकात वीस-तीस मिनिटं ठेवा, धुवा, त्यानंतर मसाला. कालवणात चिंच घाला. काळं तिखट त्यावर बसतं.

आतडी-काळीज (यकृत) खाऊ नका, मांजरालाही घालू नका. काही शेवाळांचं विष काळजात साठतं आणि शिजवून जात नाही. पाण्यावर हिरव्या रंगाचा जाड थर असेल, मासे मरून तरंगत असतील किंवा माशाला रॉकेल-फिनेलसारखा वास असेल, तर त्या दिवशी रिकामं घरी या.

धरणावर गळाने मासे धरायला परवानगी लागते का?
– दोन पत्रं: मोहोळ, टेंभुर्णी

तलावाचा मासेमारी हक्क बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, काही ठिकाणी पास असतो. आधी त्या संस्थेत किंवा सोलापूरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. हौसेने गळ टाकणाऱ्याला बरेच जण अडवत नाहीत, पण हक्क त्यांचा आहे. थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले की खाली कुणाचं तरी जाळं आहे. तिथून लांब बसा. जून ते ऑगस्ट पोटात गाभोळी असलेला रोहू, कटला, मृगळ लागला तर सोडून द्या. चिलापीबद्दल ही हळहळ नको, ती वर्षातून अनेकदा पिलं देते. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

एकरुख तलावावर डिसेंबरात पहाटे पाचला जाऊन बसतो. नऊपर्यंत एकही चिलापी नाही. उन्हाळ्यात हीच वेळ चांगली जायची.
– उत्तर सोलापूर

उन्हाळ्याचं घड्याळ हिवाळ्यात चालत नाही. चिलापी उष्ण पाण्याचा मासा. पाणी २०-२२ अंशांच्या खाली उतरलं की ती सुस्तावते, खाणं कमी करते. रात्रभर थंड झालेला वरचा थर पहाटे सगळ्यात गार असतो. अकराला जा, चारपर्यंत बसा. दुपारी वारा ज्या काठावर लाटा नेतो तो काठ धरा, कारण वरचं कोमट पाणी तिकडे साचतं. बांधाच्या काळ्या दगडांना ऊन लागून तिथलं पाणी आणखी थोडं उबदार होतं. दगडांपासून दोन-तीन हातांवर, मीटर-दीड मीटर खोल टाका. आमिष नेहमीपेक्षा लहान, मसुराएवढी गोळी किंवा गांडुळाचा अर्धा तुकडा, आणि तंगूस ०.१८ मिलिमीटरपर्यंत बारीक करा, कारण हिवाळ्यात पाणी नितळ असतं.

पहाटेचीच वेळ सोयीची असेल तर चिलापीचा नाद सोडून शिंगट्या या मिशाळ माशासाठी बसा. तो अंधारात खातो. ४ नंबरचा गळ, अख्खं गांडूळ किंवा मासोळीचा तुकडा, दहा ग्रॅम शिसं, आमिष तळाला टेकलेलं, तरंगा नको. दोर बोटावर धरून ओढ लागेपर्यंत थांबा. पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन काटे बोटात घुसले की दिवसभर ठणकतात, म्हणून गळ हाताने सोडवू नका, लांब पक्कड जवळ ठेवा.